वाघाच्या वाटेवर एक दिवस : बाभुळगाव ते टिपेश्वर

सहलीचं नाव काढलं की आपल्याला माहेर नाहीतर देवदर्शन आठवतं. नुसतं डोळे भरून पाहायला म्हणून आपण कधी निघतच नाही. यंदा मार्चमध्ये, वेचणी आटोपल्यावर, आम्ही गटाच्या बाराजणी टिपेश्वरला जाऊन आलो. कसं जमवलं, ते आज सांगतो.

आधी पैशाचं. गटाच्या बचतीला आणि अंतर्गत कर्जाच्या रकमेला हात लावायचा नाही, हा ठराव पहिला. आठवड्याला २० रुपये वेगळे काढले. ५२ आठवड्यांत एकीचे १०४० झाले, बाराजणींचे १२,४८०. त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवला, म्हणून कुरबुर झाली नाही.

गाडीचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पण दुपारची जंगलफेरी दिवस मावळताना संपते आणि परतीची गाडी चुकू शकते. म्हणून आम्ही क्रूझर ठरवली. एसटीनं जायचं असेल तर पांढरकवड्याला मुक्काम धरा.

सकाळी यवतमाळ मागे टाकलं. पऱ्हाट्या उपटलेली काळी वावरं, बांधाबांधावर पेटल्यासारखा फुललेला पळस. पुढं जोडमोह्याकडं सागाचं जंगल लागलं. सागाची पानं उन्हाळ्यात गळतात, त्यामुळं जंगल आरपार दिसतं. जनावरं पाणवठ्यावर येतात. म्हणून पाहायला हेच दिवस चांगले. पावसाळ्यात जंगलफेरी बंद असते. केळापूरला जगदंबेचं दर्शन घेतलं, झाडाखाली भाकर-ठेचा सोडला आणि सुन्ना गेटवर पोचलो.

टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. टिपाई देवीवरून हे नाव पडलं. आत आपली गाडी चालत नाही. नोंदणी केलेली जिप्सी आणि वाटाड्या घ्यावाच लागतो. नोंदणी आधी ऑनलाइन करा, प्रत्येकीचं ओळखपत्र सोबत ठेवा. आठवड्यातल्या सुट्टीचा दिवस विचारून घ्या. खाली उतरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

चितळांचे कळप दिसले, मोर दिसले, रोही दिसले. वाघ दिसला नाही. धुळीत त्याचा ताजा ठसा मात्र दिसला, आपल्या पंजाएवढा. जिप्सीत कोणी बोलेना.

त्या शांततेचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीवर, अवनीवर, १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला मारलं. त्या दिवसांत बाया वावरात जायला भ्यायच्या. आमच्यातल्या एकीची बहीण तिकडं दिली आहे. ती म्हणाली, "ज्याच्या भीतीनं दिवसाढवळ्या दार लावलं, त्यालाच पैसे देऊन पाहायला आलो."

मग वाटाड्यानं समजावलं. वाघ सहसा माणूस टाळतो. पण वाकून मोहफुलं किंवा सरपण वेचणारी बाई त्याला मागून चार पायांच्या जनावरासारखी वाटू शकते. म्हणून उजाडल्याशिवाय जायचं नाही. एकटीनं जायचं नाही. बोलत, आवाज करत राहायचं. दाट झुडपाजवळ वाकून बसायचं नाही. ठसा दिसला तर मागं फिरायचं आणि वनरक्षकाला कळवायचं. वाघ समोर आला तर पाठ दाखवून पळायचं नाही, त्याच्याकडं तोंड ठेवून हळूहळू मागं सरायचं.

वाघ अभयारण्यातच का राहत नाही, हेही कळलं. तरुण नराला स्वतःची हद्द शोधावी लागते. इथंच जन्मलेला एक वाघ २०१९ मध्ये निघाला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. गळ्यातल्या पट्ट्यावरून कळलं, तो एकूण ३००० किलोमीटरहून जास्त चालला. वाटेत वावरं होती, नाले होते, रस्ते होते. म्हणजे वाघाची वाट आपल्या शिवारातूनही जाऊ शकते.

परतताना अंधार पडला होता. गाडीत गाणी झाली. पण पुढच्या बैठकीत पहिला ठराव झाला तो मोह वेचायला चौघी-चौघींनी मिळून जायचा. सहलीचे पैसे तिथंच वसूल झाले, असं आम्हाला वाटतं.

तुमच्या गटातही २० रुपयांची वही उघडून बघा.