फेज आउट, फेज डाउन, सस्पेंड, वाइंड अप : बातमीतल्या 'बंद'चे अर्थ किती?

कीटकनाशक 'फेज आउट' होणार, कोळसा 'फेज डाउन' होणार, गाडी 'सस्पेंड', बँक 'वाइंड अप'. मराठीत या चारही शब्दांसाठी बहुतेक वेळा एकच शब्द वापरला जातो : बंद. पण प्रत्येक 'बंद'ची मुदत वेगळी आणि परिणामही वेगळा. यवतमाळ जिल्ह्यातीलच उदाहरणे घेऊन हा फरक समजून घेऊ.

फेज आउट : शेवटची तारीख ठरलेली

एखादी गोष्ट टप्प्याटप्प्याने पूर्ण संपवणे म्हणजे फेज आउट. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर कीटकनाशकांच्या बंदीची चर्चा देशभर झाली.

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशकांबाबत आदेश काढला. त्यातील १२ वर लगेच बंदी आली. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसह उरलेल्या ६ साठी टप्पे ठरले : १ जानेवारी २०१९ पासून आयात आणि उत्पादन बंद, ३१ डिसेंबर २०२० पासून वापरही बंद. हा खरा फेज आउट.

मात्र या मधल्या काळात तेच औषध दुकानात कायदेशीरपणे विकले जाते. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलबाबत २०२३ मध्ये निर्णय झाला, तेव्हाही शिल्लक साठा संपवण्यासाठी मुदत देण्यात आली. म्हणजे 'बंदी आली' ही बातमी वाचली, तरी डबा त्याच दिवशी दुकानातून जातोच असे नाही. कंपनी आणि विक्रेत्याला सवलत मिळते. त्या काळातला धोका पाठीवर पंप घेणाऱ्याच्या वाट्याला येतो.

फेज डाउन : कमी होणार, संपणार नाही

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेच्या मसुद्यात कोळशाच्या विजेसाठी 'फेज आउट' शब्द होता. शेवटच्या क्षणी भारताच्या आग्रहाने तो 'फेज डाउन' झाला. अनेक देश नाराज झाले, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना गहिवरून आले.

एका शब्दासाठी एवढा वाद का? 'आउट'मध्ये शून्यावर येण्याचे बंधन आहे, 'डाउन'मध्ये नाही. वणी तालुक्यातील उकणी, कोलारपिंपरीसारख्या वेकोलिच्या खाणींवर कामगार, ट्रकचालक, हॉटेलवाले अशा अनेकांची चूल पेटते. त्यांच्यासाठी 'डाउन' म्हणजे आज दिलासा, पण खाण नेमकी कधी थांबणार याचे उत्तर या शब्दात मिळत नाही.

खाण संपण्याचीही शिस्त असते. कोळसा खाणीला 'माइन क्लोजर प्लॅन' म्हणजे खाणबंदी आराखडा बंधनकारक आहे. खाण सुरू असतानाच करायची कामे आणि शेवटी करायची कामे असे त्याचे दोन भाग असतात. त्यासाठीचे पैसे आधीपासून वेगळ्या एस्क्रो खात्यात जमा करावे लागतात. कारण कोळसा संपल्यावर खड्डे बुजवायला कोणी मागे उरेलच याची खात्री नसते.

सस्पेंड : तात्पुरते, निदान कागदावर

सस्पेंड म्हणजे स्थगित. २०१७ च्या विषबाधेनंतर राज्य सरकारने यवतमाळसह पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. मुदत स्पष्ट होती. पण 'पुढील आदेशापर्यंत' असे लिहिले, की स्थगिती कितीही लांबू शकते.

यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेचा अनुभव बोलका आहे. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन गेले आणि डिझेल आले. तेव्हा फक्त इंजिन बदलले, गाडी धावत राहिली. पुढे मार्गाची दुरवस्था वाढली, सेवा खंडित होऊ लागली आणि अखेर गाडी थांबली. २०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली, मात्र ११३ किलोमीटरच्या त्या नॅरोगेजवरची शिट्टी परत आली नाही. 'थांबली' आणि 'बंद झाली' यांतला फरक प्रवाशाला कोणी तारीख सांगून समजावत नाही.

वाइंड अप : कायद्याने गाशा गुंडाळणे

वाइंड डाउन म्हणजे व्यवहार हळूहळू आवरते घेणे. वाइंड अप म्हणजे कायदेशीर शेवट, सहकाराच्या भाषेत अवसायन. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा अवसायक नेमण्याचीही सूचना दिली. अवसायक मालमत्ता विकून देणी फेडतो. ठेवीदाराला ठेव विम्यातून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. त्यावरील रकमेसाठी वसुली होईपर्यंत वाट पाहावी लागते.

बातमी वाचताना तीन प्रश्न

- शेवटची तारीख दिली आहे का? नसेल तर तो फेज आउट नव्हे.
- आधीचा साठा, ठेव किंवा नोकरी यांचे काय होणार?
- मधल्या काळातला खर्च आणि धोका कोणाच्या माथी?

या तीन प्रश्नांची उत्तरे आदेशात असतील, तर 'टप्प्याटप्प्याने' या शब्दाला अर्थ आहे. नसतील, तर ग्रामसभेत, कृषी कार्यालयात किंवा बँकेच्या काउंटरवर ती मागायलाच हवीत.