रायफलीची माशी आणि दुर्बीण

कुस्तीची जोड म्हणजे काय, हे मुरगूडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सत्तावन्न किलोच्या पोराला सत्त्याण्णव किलोच्या गड्याशी भिडवले, तर त्याला कुस्ती म्हणत नाहीत, हे इथले लहान मूलही सांगेल. रायफलीच्या नेमबाजीतही अशीच जोड ठरवावी लागते. फरक इतकाच, की ती माणसाच्या वजनावरून ठरत नाही. रायफलीवर नेम धरायला काय बसवले आहे, त्यावरून ती ठरते.

शेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. प्रकार होता ५० मीटर रायफलीचा: गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने, अशा तीन स्थितींचा. अंतिम फेरीत त्याचे गुण झाले ४५१.४. ते दृश्य पाहताना तुमच्या मनात कदाचित आले असेल, की एवढी महागाची रायफल, आणि तिच्यावर साधी दुर्बीण कशी नाही? दुर्बीण असती तर नेम आणखी अचूक लागला नसता का?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी नेम म्हणजे काय ते पाहू.

रानाला कुंपण घालताना आपण काय करतो? पहिल्या खांबाशी उभे राहतो, एक डोळा मिटतो, आणि मधला खांब व शेवटचा खांब एका रेषेत आणतो. बंदुकीचेही तसेच आहे. डोळ्याजवळची मागची खाच किंवा छिद्र, नळीच्या टोकावरची माशी आणि पलीकडचे लक्ष्य, ही तिन्ही एका रेषेत आली म्हणजे नेम धरला गेला. अडचण एवढीच, की आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहतो. माशी स्वच्छ दिसली तर लक्ष्य अंधुक होते, आणि लक्ष्याकडे पाहिले तर माशी विरघळल्यासारखी होते.

स्पर्धेच्या रायफलीवर ही अडचण एका युक्तीने कमी केलेली असते. मागे खाचेऐवजी चकती असते आणि तिला एखाद्या मिलिमीटरचे बारीक छिद्र असते. बारीक छिद्रातून पाहिले, की जवळचे व लांबचे दोन्ही बरेच स्पष्ट दिसते. खोटे वाटत असेल तर चष्मा काढा, जाड कागदाला टाचणीने भोक पाडा आणि त्यातून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून बघा. पुढची माशीही आता टोकदार राहिलेली नाही. तिथे एक कडे असते. छिद्राच्या मधोमध कडे, आणि कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल, असे वर्तुळात वर्तुळ बसवायचे.

आता एक गंमत ऐका. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढी बारीक वस्तू इतक्या अंतरावरून नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. नेमबाजाला दिसतो तो ११२.४ मिलिमीटरचा पूर्ण काळा गोल. म्हणजे स्वप्नीलने जे दहा घेतले, ते न दिसणारे दहा होते! काळ्या गोलाभोवती कड्याची पांढरी फट सगळीकडून सारखी आहे की नाही, एवढेच तो पाहत होता. ही समानता मात्र आपला डोळा फार बारकाईने ओळखतो.

यात चूक किती महागात पडते? मागचे छिद्र आणि पुढचे कडे यांत साधारण पाऊण मीटर अंतर धरा. कडे एक दशांश मिलिमीटर सरकले, तर ५० मीटरवर गोळी सहा-सात मिलिमीटर बाजूला जाते. तीच चूक १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर केली, तर गोळी सुमारे १२ सेंटिमीटर सरकते.

दुर्बीण नेमकी हीच चूक पुसून टाकते. तिच्यात फुलीच्या रेषा आणि लक्ष्य ही दोन्ही डोळ्यासमोर एकाच पातळीवर येतात. जुळवायच्या तीन वस्तूंच्या दोनच उरतात, शिवाय लक्ष्य कितीतरी मोठे दिसते. म्हणूनच ऑलिंपिकच्या नियमांनी रायफलीवर दुर्बीण बसवायला मनाई केली आहे. नेमबाजाने स्वतःचा चष्मा लावला तर चालतो. ५० मीटरला हवेचा अंदाज घ्यायला बाजूला स्वतंत्र दुर्बीण ठेवलेलीही चालते. पण नेम डोळ्यानेच धरायचा. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर पालथ्या स्थितीत ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेही अशाच छिद्रातून पाहून.

मग दुर्बिणीला स्पर्धेत जागाच नाही काय? आहे, आणि ती लांब पल्ल्यात आहे. तिथेही जुनी परंपरा छिद्राचीच. १८७६ साली सुरू झालेली पाल्मा चषकाची स्पर्धा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर छिद्राच्या नेमाने होते. इंग्लंडात बिस्लेच्या मैदानावर राजाच्या नावाच्या पारितोषिकाची शेवटची फेरी ९०० व १००० यार्डांवर होते, तीही दुर्बिणीशिवाय.

पण चाळिशी उलटली, की डोळ्यातले भिंग ताठरते आणि पुढची माशी अंधुक होऊ लागते. वर्षानुवर्षे कमावलेली विद्या केवळ डोळ्यापायी वाया जावी काय? कॅनडाचे जॉर्ज फार्क्वारसन यांनी अशा वयस्क नेमबाजांसाठी वेगळा वर्ग सुचवला. रायफलीला दुर्बीण लावा, पुढे आधार घ्या आणि खेळत राहा. त्यांच्याच नावाच्या पहिल्या अक्षरावरून त्याला ‘एफ क्लास’ म्हणतात. मात्र जोड बरोबरीची राहावी म्हणून लक्ष्य लहान केले. अमेरिकेत १००० यार्डांवर छिद्रवाल्यांचे दहाचे वर्तुळ २० इंचांचे असते, तर एफ क्लासवाल्यांचे १० इंचांचे. सोय दुप्पट दिली, तर कामही दुप्पट बारीक सांगितले!

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुर्बीण डोळ्याचे काम सोपे करते. हाताचे नाही आणि वाऱ्याचे तर मुळीच नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे पिकाची पाने सळसळवणारी झुळूकच, १००० यार्डांवर नेहमीच्या ७.६२ मिलिमीटरच्या गोळीला सुमारे दोन मीटर बाजूला नेतो. तो वारा निशाणांवरून ओळखावा लागतो. उन्हाळ्यात भर दुपारी निपाणीच्या रस्त्यावर हवा थरथरताना तुम्ही पाहिली असेल. ती थरथर कोणत्या बाजूला वाहते, त्यावरूनही ओळखता येतो. दुर्बिणीत ही थरथर चांगली दिसते खरी, पण तिच्यामुळे लक्ष्यही नाचू लागते. शिवाय दुर्बीण आपल्या हाताचा कंप आणि छातीचे ठोकेसुद्धा मोठे करून दाखवते. नवखा माणूस फुली मधोमध येण्याची वाट पाहतो, आली रे आली की चाप हिसकतो, आणि गोळी भलतीकडे जाते.

म्हणून तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी ‘मला रायफल शिकायची’ म्हणाली, तर आधी दुर्बिणीच्या किमती विचारत बसू नका. ऑलिंपिकच्या वाटेवर ती लागतच नाही. सुरुवात १० मीटरच्या हवेच्या रायफलीने, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली आणि रीतसर मैदानावर व्हावी. तिथेही छिद्र आणि कडेच असते. उभे राहणे, श्वास रोखणे आणि चाप अलगद दाबणे, हे तीन धडे पक्के झाले, की पुढचे सामान ठरवता येते. देशातील रायफल संघटना १९५१ साली उभी केली ती गणेश वासुदेव मावळणकर या मराठी माणसाने, जे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही नवे नेमबाज पुढे येतात.

आणि तुमचे स्वतःचे वय पन्नाशीला आले असेल, हौस मात्र तरुण असेल, तर दुर्बिणीकडे कमीपणाने पाहू नका. तो पळपुट्यांचा मार्ग नव्हे. ती फक्त वेगळी जोड आहे. कोणत्या जोडीत उतरायचे ते आधी ठरवावे, मग त्या जोडीचे नियम मानून खेळावे. छिद्रातून पाहा की काचेतून पाहा, चाप दाबणारे बोट शेवटी आपलेच असते.