आशांचं मानधन वाढतं कसं? आमदारांकडे काय मागायचं, खासदारांकडे काय?

पावसाळ्यात आंबोली घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. त्याच दिवसांत आंबोली, चौकुळ, गेळे परिसरातल्या वाड्यांवर तापाच्या रुग्णांची चौकशी, गरोदर मातांची नोंद आणि बाळांच्या लसीकरणाची आठवण ही कामं आशा स्वयंसेविकांकडे असतात. सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय घाट उतरल्यावर येतं. आजार गंभीर असेल तर अनेकांना गोव्यातलं बांबोळी गाठावं लागतं. म्हणूनच वाडीवरची आशा टिकणं इथल्या प्रत्येक घराच्या हिताचं आहे.

मानधनवाढीसाठी लोकप्रतिनिधींना निवेदनं दिली जातात. पण कोणाच्या हातात काय आहे, हे माहीत असेल तरच निवेदनाला वजन येतं.

पगार का नाही?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आशा ही 'स्वयंसेविका' आहे, कर्मचारी नाही. तिला कामागणिक मोबदला मिळतो. उदाहरणार्थ, रुग्णालयातल्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांत नवजात बाळाला सहा गृहभेटी द्यायच्या, त्याचे २५० रुपये. वाडी दूर असली, पाऊस कोसळत असला तरी दर तोच. सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा नसल्याने वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतनही नाही. अशा योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती.

पैसे कोण देतं?

दोन तिजोऱ्या आहेत. केंद्र सरकार ठरावीक नियमित कामांसाठी दरमहा रक्कम देतं. ती २०१८ मध्ये १,००० वरून २,००० रुपये झाली. ही रक्कम ३,५०० रुपये करण्याचा निर्णय झाल्याचं केंद्राने जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. दहा वर्षांच्या सेवेनंतर काम सोडणाऱ्या आशांना मिळणारी रक्कमही २० हजारांवरून ५० हजार करण्यात आली. याशिवाय राज्य सरकार स्वतःच्या निधीतून वेगळं मानधन देतं.

घोषणा झाली म्हणजे पैसे मिळाले का?

नाही. २०२३-२४ चा अनुभव हेच सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री तानाजी सावंत यांनी आशांना ७,००० रुपये वाढ जाहीर केली आणि संप मिटला. मात्र शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघेना. १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा बेमुदत संप झाला, मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलन झालं. अखेर मार्चमध्ये मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ पासून लागू होणारी वाढ मंजूर केली. ती होती ५,००० रुपयांची. घोषणेपासून निर्णयापर्यंत चार महिने गेले आणि दरमहा २,००० रुपये कमी झाले.

कोणाला काय सांगायचं?

• आमदार: आंबोली सावंतवाडी मतदारसंघात येते. २०२४ मध्ये इथून दीपक केसरकर निवडून आले. राज्याच्या वाट्याचं मानधन, थकीत रक्कम आणि जीआर हे विषय त्यांच्याकडे न्यावेत. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना या मार्गांनी आमदार मंत्र्यांकडून सभागृहात उत्तर मागू शकतात. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. सभेतल्या भाषणाला असा पाठपुरावा नसतो.

• खासदार: रत्नागिरी-सिंधुदुर्गमधून २०२४ मध्ये नारायण राणे निवडून आले. केंद्राचा मासिक मोबदला, कामागणिक दर आणि 'कामगार' म्हणून दर्जा हे प्रश्न दिल्लीचे आहेत.

• जिल्हा परिषद, ओरोस: मानधनाचा दर इथे ठरत नाही. पण बिल कुठे अडलं, कोणत्या महिन्याचे पैसे आले नाहीत, याची चौकशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते.

• ग्रामपंचायत: ग्रामसभेचा ठराव मानधन वाढवू शकत नाही, पण निवेदनाला जोडला तर मागणी एकट्या आशाची न राहता गावाची होते.

निवेदनात काय असावं?

'मानधन वाढवा' एवढंच लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. मागणी केंद्राच्या की राज्याच्या रकमेबद्दल आहे ते लिहावं. थकबाकी असेल तर महिने आणि रक्कम द्यावी. संबंधित जीआरची तारीख घालावी. आशाचा दिवसभरातला पायी प्रवास आणि स्वतःच्या खिशातला गाडीखर्च मांडावा. निवेदनाची पोच घ्यावी.

वेळही महत्त्वाची. राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडला जातो, त्याआधी मागणी पोहोचली तर तरतुदीचा विचार होऊ शकतो. नंतरची वाट पुरवणी मागण्यांची. त्या पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही येतात.

देशभरातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला. कौतुकावर घर चालत नाही. लोकप्रतिनिधींना पुढच्या वेळी भेटाल तेव्हा 'वाढ कधी?' यापेक्षा 'जीआर कधी, आणि तरतूद कुठे?' हे विचारा.