अग्निवीराचा सेवा निधी : घर बांधायच्या आधी घर कुणाच्या नावावर ते ठरवा

अग्निपथ योजनेतून २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला सैन्यात गेलेल्या पहिल्या मुलांची चार वर्षं २०२६ च्या अखेरपासून भरू लागतात. ज्या घरात असा मुलगा आहे, तिथे विषय एकच : पैसे आले की घर बांधायचं. इरादा चांगलाच आहे. पण त्याआधी अब्बा, अम्मी आणि मुलानं एकदा एकत्र बसून हिशोब करावा, असं आम्हाला वाटतं.

आधी रक्कम समजून घेऊ. अग्निवीराचा पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये. त्यातले ३० टक्के दर महिन्याला कापले जातात. चार वर्षांत हे ५.०२ लाख होतात, तेवढेच सरकार घालतं आणि व्याज धरून साधारण ११.७१ लाख हातात येतात. यावर आयकर नाही. म्हणजे मूळ रक्कम १०.०४ लाख, बाकीचं व्याज. ज्यांना व्याज घरखर्चात नको, त्यांनी ते पहिल्या दिवशीच वेगळं काढावं आणि त्याचं काय करायचं ते आपल्या आलिमांना विचारावं. एकदा सिमेंट-विटांत मिसळलं की वेगळं काढणं अवघड.

जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात. त्यांना मात्र फक्त स्वतःची कापलेली रक्कम व्याजासह मिळते, सरकारचा वाटा नाही. ही गोष्ट घरच्यांना बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही! जी मुलं परत येतात त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणून सगळी रक्कम घरात घालू नका. नवी नोकरी किंवा धंदा लागेपर्यंतचा वर्षभराचा खर्च बाजूला ठेवा.

आता खरा मुद्दा. जागा अब्बांच्या नावावर, पैसे मुलाचे. सगळे खूश असतात तोवर कुणी कागद बघत नाही. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाची मिळकत असा प्रकार नाही. जागा अब्बांची असेल तर त्यांच्यानंतर अम्मी, भाऊ, बहिणी सगळ्यांचा त्यात हिस्सा आहे आणि तो द्यावाच लागतो. तेव्हा मुलगा म्हणतो, पैसे माझे होते. बहीण म्हणते, जागा अब्बांची होती. दोघंही खोटं बोलत नसतात.

यावर उपाय आधीच करता येतो. अब्बांना जागा मुलाला द्यायची असेल तर हयातीत हिबा करावा. तोंडी हिबा चालतो, पण ताबा दिल्याशिवाय तो पुरा होत नाही. आमचा सल्ला : लेखी करा, नोंदणी करा, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढवा आणि बाकीच्या मुला-मुलींना विश्वासात घ्या. जागा द्यायची नसेल तर मुलाचे पैसे कर्ज की भेट, एवढं तरी साक्षीदारांसमोर लिहून ठेवा.

फ्लॅट घेणार असाल तर प्रकल्पाचा महारेरा नंबर तपासा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "फौजी आहात, आज पूर्ण पैसे भरा, सूट देतो" असं कुणी म्हणालं, तर आधी करार मागा.