बोलण्याचे स्वातंत्र्य आणि बोलण्याचा खर्च

निवडणुका जवळ आल्या की घरोघरचे दूरचित्रवाणी संच एकाएकी अधिक बोलके होतात. हुबळी आणि धारवाड यांच्या मध्ये वसलेल्या आमच्या रायापूरसारख्या ठिकाणी तर ते दोन भाषांत बोलतात. कन्नड वाहिन्यांवर येथील उमेदवार दिसतात, मराठी वाहिन्यांवर महाराष्ट्रातील पुढारी. या साऱ्यांत बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे ओळखणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत या विषयाचे प्रयोजन काय, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हा प्रश्न आपल्या व्यवसायाला परका नाही.

बालरोगतज्ज्ञांना १९९२ चा शिशुआहारविषयक कायदा परिचित आहे. डब्यातील दुधाची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई केली आणि २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. अशा कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू देणे किंवा त्यांच्या परिषदांना पैसा पुरवणे हेही निषिद्ध ठरले. यामागील तत्त्व सोपे आहे. माता डॉक्टरांचे बोलणे सल्ला म्हणून ऐकते. त्या बोलण्यामागे कंपनीचा पैसा असेल, तर तो सल्ला राहत नाही, ती वेष पालटलेली जाहिरात होते.

राजकारणात मात्र सरसकट बंदीचा उपाय चालणार नाही. घटनेच्या कलम १९(१)(अ) ने प्रत्येक नागरिकाला भाषणस्वातंत्र्य दिले आहे आणि निवडणूक हा तर त्या स्वातंत्र्याचा खरा हंगाम. म्हणून आपल्या कायद्याने मधला मार्ग काढला. काय बोलावे यापेक्षा, बोलण्यावर किती खर्च करावा, यावर त्याने मर्यादा घातली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ नुसार उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवायचा असतो. २०२२ पासून मोठ्या राज्यांत ही मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख, तर विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे.

या बंधाऱ्याला एक मोठे भगदाड आहे. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला. सरकारने तातडीने कायदा बदलून तो निष्प्रभ केला. २००३ मध्ये ही पळवाट बरीच अरुंद करण्यात आली, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला कमाल मर्यादा कधीच घातली गेली नाही. दूरचित्रवाणीवरील महागडा प्रचार बहुधा पक्षाच्याच नावाने होतो, हे येथे लक्षात घ्यावे.

प्रसारणापुरते बोलायचे, तर केबल वाहिन्यांवर राजकीय जाहिरातींना पूर्वी नियमानेच मनाई होती. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने मार्च २००४ मध्ये तो नियम रद्द ठरवला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातींना वाट मोकळी ठेवली, पण प्रत्येक जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घेण्याची अट घातली. २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने समाजमाध्यमांनाही हीच अट लागू केली. दुसरीकडे, १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी व दूरदर्शनवर विनामूल्य वेळ मिळतो. ज्या पक्षाकडे पैसा नाही, त्यालाही आवाज मिळावा, हा त्याचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु भाषणाची संहिता आधी तपासली जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सीताराम येचुरी यांना आपल्या भाषणातील काही शब्द गाळावे लागले. पैशाची विषमता दूर करू पाहणारी व्यवस्था शब्दांवर हात ठेवू लागली, तर एका रोगावरील औषधाने दुसरा रोग जडतो.

सर्वांत अवघड प्रकार छुप्या प्रचाराचा. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी तो चव्हाट्यावर आणला. भोकर मतदारसंघातून निवडून आलेले तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानेच्या पाने मराठी दैनिकांत आली होती. काही मजकूर तर प्रतिस्पर्धी पत्रांत जवळजवळ शब्दशः सारखाच होता. चव्हाण यांनी हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. पैसे देऊन बातम्या छापल्याचा आरोप त्यांनी नाकारला. पराभूत उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर यांच्या तक्रारीवरून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर आयोगाने बजावलेली नोटीस मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रद्द केली. अधिकार सिद्ध झाला, पण पाच वर्षांत मतदाराच्या हाती काही आले नाही. पैसे दिल्याची पावती नसते, तेव्हा पुरावा कोठून आणायचा, ही या प्रकारातील खरी अडचण आहे.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग निवडले आहेत. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी व आकाशवाणीवर सशुल्क राजकीय जाहिरातींना बंदी असून पक्षांना विनामूल्य वेळ मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, कंपन्यांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावर मर्यादा घालणे हे भाषणस्वातंत्र्याचा भंग ठरवले. माझ्या मते आपल्याला या दोहोंपेक्षा अधिक जवळचा आधार आपल्याच न्यायालयाने दिला आहे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना, पक्षांना पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क कलम १९(१)(अ) मध्येच अंतर्भूत असल्याचे न्यायालयाने सांगितले. म्हणजे भाषणस्वातंत्र्य केवळ बोलणाऱ्याचे नाही, ते ऐकणाऱ्याचेही आहे.

यावरून दिशा स्पष्ट होते. शब्दांवर कात्री नको. पक्षांच्या खर्चाला मर्यादा हवी आणि प्रत्येक जाहिरातीवर पैसे देणाऱ्याचे नाव ठळकपणे हवे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर, औषधाची शिफारस करणाऱ्या लेखाखाली ‘अर्थसाहाय्य कोणाचे’ हे आपण डॉक्टर मंडळी पाहतो, तीच सवय प्रत्येक घराने बातमी ऐकताना लावून घेतली, तर निदान आपल्या मतावर दुसऱ्याच्या पैशाची छाप पडणार नाही.