गळाला लागले... काका!

वीकेण्डला अख्खं खानदान घेऊन मासेमारी आणि बोटिंग? आयडिया एकदम सही! फक्त होडीत बसल्यावर काय काय होऊ शकतं, ते आधी वाचून घ्या.

फार्महाऊस झालं, वॉटरपार्क झालं, महाबळेश्वर तर इतक्यांदा झालं की तिथला कणीसवालाही आता ओळख दाखवतो. पुढे काय? मग सोमवारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी कलीग मोबाइल पुढे करतो. खाडी, होडी, पलीकडे नारळाची रांग आणि त्याच्या हातात हातभर लांब मासा. बस्स! बुधवारपर्यंत फॅमिली ग्रुपवर प्लॅन शिजतो, शुक्रवारी रात्री कुणीतरी ऑनलाइन मागवलेला फिशिंग रॉड उलगडून बसतं आणि शनिवारी पहाटे पाचला दोन गाड्या भरून जनता अलिबाग, मुरुड, दापोली नाहीतर मालवणच्या रस्त्याला लागते. पुणेकर असाल तर पवना, मुळशी, पानशेत.

त्या फोटोत बरंच काही दिसत नाही. होडीत तीन पिढ्या असतात. त्यातल्या दोघांना पोहता येतं, एकाला 'पूर्वी यायचं'. एकाची सकाळची गोळी असते, एकीचा उपास असतो, एकाला दर वीस मिनिटांनी शू लागते. आणि प्रत्येक घरात एक काका असतात, ज्यांनी लहानपणी गावच्या ओढ्यात मासे पकडलेले असतात. म्हणजे टीम लीडर ठरलाच!

पहिला झटका पोटाला. गाडी लागते तशी बोटही लागते, आणि गंमत म्हणजे चालत्या होडीपेक्षा नांगर टाकून डुचमळत उभी असलेली होडी जास्त लागते. मासे गरवायचे तर होडी उभी करण्यावाचून इलाज नाही. कानाच्या आतल्या भागाला हलणं कळत असतं, मोबाइलमध्ये खुपसलेल्या डोळ्यांना कळत नसतं, मेंदूची वाट लागते. गोळी घ्यायची तर निघण्याआधी. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी थेट माशांना जाते. मान वर, नजर लांब किनाऱ्यावर, तोंडात आलेपाक. आणि किनाऱ्यावरच्या टपरीवर तीन प्लेट भजी हाणून होडीत चढायचं नाही, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. पडते.

मागे कोण आहे, बघितलं का?

कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात. त्याला रॉड-बिड काही लागत नाही. हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, तिला शिशाचा तुकडा, टोकाला गळ आणि गळाला कोळंबी. जेट्टीवर पाय सोडून बसलेला लुंगीवाला आजोबा एवढ्या सामानात तासाभरात कालवणापुरते मासे काढतो. आपला भारी रॉडवाला तेवढ्या वेळात फक्त 'थ्रो' मारत असतो. आमच्या भाऊजींनी पहिला थ्रो मारला तेव्हा गळाला लागली काकांची टोपी. टोपीवर निभावलं म्हणून अख्खी होडी हसली. चार इंच खाली काकांचा कान होता.

गळाच्या टोकाला मागे वळलेला उलटा काटा असतो. तो मासा सुटू नये म्हणून असतो आणि तुमचं बोट आत गेलं तर तेही सुटत नाही. अशा वेळी 'थांब, मी ओढतो' म्हणणाऱ्या उत्साही नातेवाइकाला आधी लांब बसवा. ओढल्यावर मांस फाटतं. दोरी कापायची, गळ आहे तसा राहू द्यायचा आणि सरळ डॉक्टर गाठायचा. ते जागा बधिर करून बऱ्याचदा टोक पुढे काढतात, काटा कापतात आणि मग गळ मागे घेतात. टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही विचारतात. डोळ्याला लागलं तर हातच लावायचा नाही. वरून कागदी कप पालथा धरायचा, दाबायचा नाही, आणि हॉस्पिटल. म्हणून होडीत सगळ्यांनी गॉगल घालायचा, फोटोसाठी नाही. आणि लहान मुलं सोबत असतील तर निघण्याआधीच पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करून टाका. एखादा मासा निसटेल, निसटू दे.

मासा लागला की दुसरा सीन. खाडीत सगळ्यात आधी लागतो तो बऱ्याचदा शिंगाळा. मिशाळ, बुळबुळीत, दिसायला गरीब. पण पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन टणक काटे असतात आणि त्यांच्यात विष असतं. उत्साहाने मुठीत धरला की काटा तळव्यात, आणि मग पुढचे काही तास ठणका. यावर उपाय बर्फ नाही, गरम पाणी आहे! सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने बघायचं, नाहीतर पोळल्याचं नवीन लफडं. काटा आत तुटला असेल किंवा सूज वाढत असेल तर डॉक्टर. दुसरं पात्र म्हणजे केंड. पकडला की फुगून चेंडू होतो, पोरं खूश. त्याच्यासोबत फोटो काढा आणि परत पाण्यात सोडा. त्याचं विष शिजवूनही जात नाही, त्यामुळे 'तळून बघू' हा प्रयोग नको.

'पानी उतरतंय, शेट'

आता मोठी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही नऊ जण रेवदंड्याच्या खाडीत होतो. कुंडलिका नदी तिथे समुद्राला मिळते. आई-बाबा, काका-काकू, ताई-भाऊजी, त्यांचा सात वर्षांचा मुलगा, मी आणि बायको. तिथी एकादशी. म्हणजे घरातली निम्मी माणसं मासे मारायला निघालेली आणि आईच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी!

आठला निघालो तेव्हा खाडी काठोकाठ. होडीवाले मामा निघतानाच म्हणाले होते, अकराला परत फिरायचं. अकराला काकांच्या गळाला पहिलं काहीतरी लागलं. 'पानी उतरतंय, शेट.' काका म्हणाले, 'दहा मिनिटं.' साडेअकराला मामा परत म्हणाले. काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, बाबा म्हणाले, 'जाऊ दे, एवढे पैसे भरलेत.' आणि काकांना थांबवायचं कुणी? आपल्याकडे बॉसला रिप्लाय-ऑलमध्ये चूक दाखवता येते, काकांना होडीत दाखवता येत नाही. बाराला निघालो. सव्वाबाराला होडीचा तळ घासला आणि आम्ही चिखलात.

पहिला अर्धा तास धमाल होती. सेल्फी झाले, गाणी झाली. भाच्याला खाली उतरून चालत जायचं होतं; किनारा डोळ्यांसमोर, जेमतेम शंभर पावलं. मामांनी त्याचा दंड धरून वल्हं चिखलात खुपसून दाखवलं. अर्धं आत गेलं. वर जागोजाग कालवांच्या शिंपा, ब्लेडसारख्या. पोरगं गप्प बसलं. बायका मात्र गप्प बसल्या त्या वेगळ्याच कारणाने. नऊ माणसांच्या उघड्या होडीत चार तास बाथरूम नाही, हा मुद्दा कुठल्याही ट्रॅव्हल ब्रोशरमध्ये नसतो.

एक वाजला तेव्हा बाबांना घाम सुटला होता. ऊन आहे, असं आधी सगळ्यांना वाटलं. मग हात थरथरायला लागले, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर भलतंच. सकाळी सातला डायबेटिसची गोळी घेतलेली, नाश्त्याला दोन पोहे, आणि जेवण साडेबाराला किनाऱ्यावर मांडून ठेवलेलं! साखर उतरली होती. ताईने भाच्याच्या हातातलं मँगो ड्रिंक काढून घेतलं आणि बाबांना पाजलं. पोराने भोकाड पसरलं, कुणी लक्ष दिलं नाही. पंधरा मिनिटांनी बाबा म्हणाले, 'हे गोड काय आहे?' तेव्हा आईने डबा उघडला. आईने उपासाची म्हणून केलेली खिचडी त्या दिवशी बाबांनी खाल्ली, आईने नाही.

अडीचला पाणी तळाला गेलं, मग फिरलं. साडेचारला होडी हलली.

यातली खरी मजा पुढे आहे. हे सगळं आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर छापलेलं होतं! मुंबई-रायगडच्या पट्ट्यात जुन्या माणसांचा फंडा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. एकादशी, म्हणजे अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे अडीचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला. थोडं इकडेतिकडे होतं, पण शनिवारचा प्लॅन ठरवायला पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे 'मागच्या शनिवारी मित्र गेला होता तेव्हा पाणी होतं' याला काही अर्थ नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, मुंबईत तेव्हा पाणी चार मीटरहून जास्तही वर-खाली होतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, चढ-उतार कमी. पंधरा हजार पावलं मोजणारं घड्याळ मनगटावर घालून फिरणाऱ्या आमच्यापैकी एकालाही तिथी माहीत नव्हती. आईला होती. तिला कुणी विचारलं नाही.

'डॉल्फिन!'

चिखल निदान बुडवत नाही. पाणी बुडवतं, आणि त्याला फार वेळ लागत नाही. होडी शांत चाललेली असते, कुणीतरी 'डॉल्फिन!' ओरडतं आणि सगळी जनता उभी राहून एकाच बाजूला धावते. बसलेल्या माणसांचं वजन खाली असतं, उभं राहिलं की ते वर जातं, त्यात ते एका कडेला गेलं की होडी तिकडे कलते आणि पाणी आत येतं. एवढंच सायन्स. जानेवारी २०१८मध्ये डहाणूला विद्यार्थ्यांची बोट उलटून तीन मुली गेल्या, तेव्हा सेल्फीसाठी एका बाजूला गर्दी झाल्याचं सांगितलं गेलं. डॉल्फिन बसूनही दिसतो.

धरणात लाटा नसतात म्हणून पुणेकर बिनधास्त असतात. २१ मे २०२४ला उजनीच्या पाण्यात संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी उलटली. सहा जण बुडाले, एकजण पोहत काठाला लागला. मे महिन्यातल्या दुपारनंतर आभाळ काळवंडलं की धरणात उतरायचं नाही, मग पैसे परत मिळोत न मिळोत.

आणि १८ डिसेंबर २०२४. गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' फेरीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. फेरीवर शंभराहून जास्त माणसं होती, सहलीला निघालेली कुटुंबं, कडेवरची पोरं. त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. पण बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्या अपघातानंतर तिथे जॅकेट सक्तीचं झालं.

जॅकेटला वास येतो, मान्य. फोटो बिघडतो, तेही मान्य. म्हणून लोक ते मांडीवर घेतात किंवा त्यावर बसतात. पाण्यात पडल्यावर ते घालता येईल, हा गैरसमज आहे. कोरड्या होडीत, हसत-खिदळत, तीन बकल लावायलाच काकूला सात मिनिटं लागली होती. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालणं म्हणजे न घातल्यासारखंच, पाण्यात पोरगं खालून निसटतं. घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते त्याचं नाही. मुलाच्या मापाचं नसेल तर मूल जेट्टीवर, आणि त्याच्यासोबत एक मोठं माणूस. यावर घरात भांडण होणार. ते पार्किंगमध्येच होऊ दे. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर किमान दोन मोबाइलमध्ये हवा, आणि त्यातला एक वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. कारण दर ट्रिपला एक मोबाइल पाण्यात जातो आणि तो नेमका ज्याच्यात सगळे नंबर असतात त्याचाच असतो.

होडी ठरवताना रेट सगळेच विचारतात. त्यासोबत हेही विचारा: किती माणसांची परवानगी आहे, परत कधी फिरायचं, आणि 'फिरायचं' कोण म्हणणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होडीवाला हेच हवं, आणि ते किनाऱ्यावर, काकांच्या समोर ठरलेलं हवं. पावसाळ्यात तो नाही म्हणाला तर दुसरा होडीवाला शोधू नका. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंदच असते आणि जुनी कोळी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय समुद्राकडे वळत नाहीत.

बरं, एवढं करून गळाला काहीच लागलं नाही तर? टेन्शन नको. बंदरावर सकाळच्या लिलावात ताजी मासळी मिळते आणि ती हातात धरून काढलेला फोटो ऑफिसात खपतो. फक्त त्यासाठी पापलेट घेऊ नका. पापलेट जाळ्यात सापडतं, गळाला सहसा लागत नाही. ऑफिसात कुणी कोळीवाड्यातलं असेल तर सोमवारी कॅन्टीनमध्ये तुमची विकेट पडेल. तांबोशी घ्या.