भोंगऱ्यातली खरेदी

धडगावच्या बाजारात भर दुपारी पाय ठेवायला जागा नाही. होळी तोंडावर आली आहे आणि आज होळीआधीचा आठवडी बाजार, म्हणजे भोंगऱ्या. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरून जीपगाड्या येताहेत, टपावरसुद्धा माणसं. गूळ, डाळ्या, साखरेचे हार, घुंगरं, आरसे, रंगीत मणी, सणाला लागणारं सगळं आजच घ्यायचं असतं. मधूनच ढोल घुमतो आणि गर्दी तिकडे सरकते.

मी बांबूवाल्यांच्या रांगेत उभी आहे. टोपल्या, सुपं, कोंबड्या झाकायची डालगी यांचे ढीग लागलेत. एक म्हातारे बाबा कोयत्याने बांबू उभा चिरतात, त्याच्या कामट्या काढतात, पायाच्या अंगठ्यात एक टोक धरून विणत राहतात. समोर एक आजी सूप उन्हाकडे धरून विणीतल्या फटी बघते, काठ दाबते, शेजारच्या पोत्यातली मूठभर ज्वारी त्यात घेऊन पाखडते. पसंत नाही. दुसरं घेते, पुन्हा पाखडते. बाबा एक शब्द बोलत नाहीत. कारागिराची एवढी कठोर परीक्षा शहरातल्या प्रदर्शनात कुणीच घेत नाही.

तोरणमाळ बघून आलेलं पुण्याचं एक जोडपं टोपल्या चाळतं आहे.

‘‘बाबा, याहून लहान नाही का? शोकेसमध्ये ठेवायला?’’ ताई विचारतात.

‘‘त्यात काय मावेल?’’ बाबांना खरंच कळत नाही.

मला बाबांचं पटतं. प्रवासातून काही आणायचं तर ते त्या गावच्या रोजच्या जगण्यातलं असावं. रुमानियातल्या होरेझूची मातीची भांडी घडवण्याची कला 2012 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. कोंबड्याचं चित्र काढलेली तिथली ताटं प्रवासी हौसेनं घरी नेतात. ती कला आधी घरच्या माणसांसाठी टिकली, पाहुणे मागाहून आले. धडगावच्या सुपाचंही तसंच आहे.

पण इथलं सगळंच विकाऊ नाही. चांदीनं गळा भरलेली पावरा समाजातली एक मुलगी मैत्रिणींबरोबर जाते. कुणी हौशी पाहुणा गळ्यातलं देणार का म्हणून विचारतो. ती उत्तर न देता पुढे निघते, आणि बरं करते. चांदी हे इथलं अडीनडीचं धन आहे. वाईट वर्षी एकेक दागिना सोनाराकडे जातो, वितळतो, त्याच्या जागी गळ्यात गिलट येतं. आज ज्यांच्या अंगावर खरी चांदी आहे त्यांच्याकडे ती राहू दे.

पलीकडे दोन तरुण घुंगरं निवडताहेत. त्यांना होळीत बुध्या व्हायचं आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहिलेल्यांना हे रूप माहीत आहे: अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं नाहीतर वाळलेले भोपळे, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा उंच टोप. हा वेष नवसाचा असतो आणि तो धरणारा कडक नेम पाळतो. टोप विकत मागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. परदेशी पाहुण्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, मोरपिसं देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे.

इकडे ताईंनी शेवटी मोठं सूप उचललं आहे. बाबा सांगतात तेवढे पैसे त्या देतात, घासाघीस नाही. मघाची आजी अजून तिथेच आहे.

‘‘शेणानं सारव, पोरी. नाहीतर दाणे अडकतील.’’

‘‘आजी, फ्लॅटमध्ये शेण कुठून आणू?’’

‘‘मग कागद भिजव, मेथी वाटून घाल आणि त्याचा हात फिरव. उन्हात चांगलं वाळू दे.’’

ताई मोबाइलवर लिहून घेतात. आजीचं समाधान होत नाही. ती ज्वारीची मूठ सुपात टाकते, ताईंचे दोन्ही हात काठावर नीट बसवते आणि म्हणते, ‘‘आता पाखड.’’